थांबलेला उंदीर

टोरंटोजवळ राहणाऱ्या एका माणसाला मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी विचारलं, उद्या तुम्ही काय करणार आहात? प्रश्न अवघड नव्हता आणि माणूसही मठ्ठ नव्हता. त्याला बुद्धिबळ खेळता येत होतं, शब्दांचे अर्थ ठाऊक होते, नेहमीच्या गप्पांत तो सहज भाग घेई. तो काही सेकंद गप्प राहिला, किंचित हसला आणि म्हणाला, माहीत नाही. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर इजा झाली होती आणि त्यात दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस जवळजवळ निकामी झाले होते. वैद्यकीय लेखनात तो के. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला प्रसंग म्हणून आठवत नसे. असं काही होणार याची डॉक्टरांना कल्पना होती. चकित केलं ते दुसऱ्या गोष्टीनं: पुढच्या आयुष्याबद्दल विचारलं तरी त्याच्या मनात तितकंच कोरेपण होतं. काल गेला, आणि जाताना उद्यालाही घेऊन गेला.

२००७ मध्ये लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पद्धतशीर तपासलं. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना त्यांनी सांगितलं, तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत पहुडला आहात अशी कल्पना करा आणि काय दिसतंय ते बोला. बहुतेकांना ते चित्र उभंच करता येईना. आकाश, वाळू, पाण्याचा आवाज असे सुटे तुकडे हाती लागत. ते तुकडे एका जागेत बसवून स्वतःला त्यांच्या मधोमध ठेवणं मात्र जमत नसे.

हिप्पोकॅम्पस हा चार-पाच सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर एकेक असा भाग. समुद्रघोड्यासारख्या आकारामुळे त्याला हे नाव पडलं. त्याची महती जगाला कळली ती एका शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदानं हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या तरुणाची फेफरी थांबावी म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. फेफरी कमी झाली, पण हेन्रीच्या आयुष्यात नवीन आठवण तयार होणंच थांबलं. २००८ मध्ये तो वारला तोवर ब्रेंडा मिल्नर आणि इतर संशोधकांनी अर्धं शतक त्याचा अभ्यास केला आणि प्रत्येक भेटीत तो त्यांना नव्यानं भेटला. पण बालपण त्याला आठवत होतं. म्हणजे आठवण जिथे आकाराला येते तिथेच ती कायमची राहत नाही. केव्हा तरी, कशी तरी ती तिथून हलते.

केव्हा आणि कशी, हे विचारायला विसावं शतक जवळजवळ पुरं जावं लागलं. जुन्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमानं रोजमेळात टिपले जात, आणि गिऱ्हाइकांची वर्दळ संपली की मुनीम तेच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवी. मेंदूतही असंच चालत असावं अशी मांडणी १९८९ मध्ये ग्योर्गी बुझाकी यांनी केली. जागेपणी हिप्पोकॅम्पस भराभर टिपून घेतो आणि विसाव्याच्या वेळी ते टिपण मेंदूच्या वळ्यावळ्यांच्या बाहेरच्या थरापर्यंत, म्हणजे कॉर्टेक्सपर्यंत पोचवतो, असा त्याचा आशय. पेढीची उपमा माझी आहे, बुझाकींची नाही, आणि ती पुढे मोडणार आहे. पण काही अंतर ती चांगली सोबत करते.

मुनिमाला काम करताना पकडायचं तर आधी त्याचं अक्षर लागायला हवं. ते अक्षर लावलं जॉन ओकीफ यांनी. १९७१ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांच्यासोबत काम करताना त्यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये काही चेतापेशी विशिष्ट ठिकाणीच चेतताना आढळल्या. उंदीर खोलीच्या या कोपऱ्यात आला की ही पेशी, मधोमध आला की दुसरी, दारापाशी गेला की तिसरी. यांना स्थानपेशी म्हणतात. या शोधासाठी ओकीफ यांना २०१४ चं नोबेल मिळालं. मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ त्यात वाटेकरी होते.

स्थानपेशींमुळे एक सोय झाली. प्रत्येक पेशीची जागा एकदा ठरवून घेतली, की उंदराकडे न पाहता केवळ पेशींच्या चेतण्यावरून तो कुठे आहे हे सांगता येतं. यात एक गंमत दडलेली आहे. उंदीर एका जागी असेल आणि पेशी भलत्याच जागेचं नाव घेत असतील, तर उंदीर मनानं दुसरीकडे आहे असं म्हणायला हरकत नसावी. ‘मनानं’ हा शब्द उंदरासाठी वापरायला शास्त्रज्ञ कचरतात. मी तो वापरतोय, कारण त्याला पर्याय म्हणून जे शब्द येतात ते सगळे याहून लांबट आहेत आणि सांगतात तेच.

ॲरिझोना विद्यापीठात, टूसॉन शहरात, मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन केसाहून बारीक तारांच्या जुड्या उंदराच्या मेंदूत बसवून एकाच वेळी अनेक पेशी नोंदवत होते. अशा प्रयोगशाळांत पेशींचे विद्युत्संकेत ध्वनिवर्धकाला जोडलेले असतात. पेशी चेतली की टक् असा आवाज येतो आणि संशोधकाचे कान त्याला सरावतात. विल्सन यांनी नंतर सांगितलेली आठवण अशी, की धावणं झाल्यावर उंदीर झोपला होता, यंत्र चालूच होतं, आणि मागून येणारा आवाज ऐकून त्यांना वाटलं उंदीर उठून पुन्हा धावायला लागला. वळून पाहिलं तर तो गाढ झोपेत होता.

कानांना वाटणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. १९९४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोघांनी जे छापलं ते सावध होतं. धावताना ज्या पेशी जोडीनं चेतल्या, त्या नंतरच्या झोपेतही जोडीनं चेतण्याकडे कलत होत्या. धावण्याआधीच्या झोपेत त्यांच्यात अशी जोडी नव्हती. धावण्याआधीची आणि धावण्यानंतरची अशी दोन्ही वेळची झोप मोजलेली असणं हे या कामाचं बळ होतं. मुळात ओढा तसाच असता तर आधीच्या झोपेतही तो दिसला असता. क्रमही टिकतो हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं. २००२ मध्ये अल्बर्ट ली आणि विल्सन यांनी दाखवलं, की गाढ झोपेत हा क्रम जागेपणीच्या सुमारे वीसपट वेगानं धावतो. उंदराला धावायला काही सेकंद लागले तो मार्ग झोपेत सेकंदाच्या एका बारीक अंशात उरकतो.

हे घडतं तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये एक ठळक विद्युत्-खूण उमटते. आधी एक टोकदार लाट, तिच्यावर स्वार झालेली अतिशय जलद थरथर. उंदरात ही थरथर सेकंदाला साधारण १५० ते २५० वेळा होते आणि पन्नास-शंभर मिलिसेकंदांत विरते. शास्त्रज्ञ तिला रिपल म्हणतात, आपणही तेच म्हणू. गाढ झोपेत कॉर्टेक्समध्ये सेकंदाला एकाहून कमी अशा संथ लाटा चालू असतात. त्यांच्या चढावर स्पिंडल नावाच्या, सेकंदाला बारा ते पंधरा आंदोलनांच्या छोट्या झुळका येतात. आणि स्पिंडलच्या खोबणीत हिप्पोकॅम्पसचे रिपल बसतात. तिन्हींचा ताल जुळला की इकडचा मजकूर तिकडे पोचण्याची शक्यता वाढते, असं आज मानलं जातं. रोजमेळ आणि खतावणी एकाच वेळी उघडी असावी लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

झोपेतली पेशींची ही उजळणी म्हणजेच स्वप्न का, हा प्रश्न या विषयावरच्या व्याख्यानानंतर कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर सरळ ‘हो’ असं नाही. वेगवान उजळणी प्रामुख्यानं गाढ झोपेत होते, तर रंगतदार, कथानक असलेली स्वप्नं जास्त करून डोळ्यांच्या जलद हालचालींच्या रेम झोपेत पडतात. रेम झोप १९५३ मध्ये शिकागोत यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी नोंदवली. तिच्यातही उंदराच्या पेशी मार्ग आळवतात असं केनवे लुई आणि विल्सन यांना २००१ मध्ये आढळलं, पण जवळपास जागेपणीच्याच गतीनं. आठवण आणि झोपेतली चित्रं यांचं नातं किती विचित्र असू शकतं याचा नमुना रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या २००० सालच्या प्रयोगात सापडतो. टेट्रिस हा खेळ खेळलेल्या लोकांना झोप लागताना ठोकळे पडताना दिसले. त्यांतल्या काही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही दिसले, आणि आपण असा कुठला खेळ खेळलो हे त्या रुग्णांना आठवतही नव्हतं.

आता शंका. पेशी झोपेत रस्ता आळवतात हे मान्य, पण त्यामुळे आठवण पक्की होते कशावरून? गिरणीचा भोंगा वाजला की गिरणी चालू होते, पण भोंगा गिरणी चालवत नाही. उजळणी हाही नुसता भोंगा असू शकतो. याचा निकाल लावायचा तर उजळणी अडवून पाहावी लागते. पॅरिसमध्ये गॅब्रिएल गिरार्दो, मिकाएल झुगारो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते केलं. उंदीर आठ फाट्यांच्या चक्रव्यूहात रोज शिकत, खाणं नेहमी त्याच तीन फाट्यांत असे. सरावानंतरच्या झोपेत रिपल उठला की यंत्र तत्क्षणी बारीकसा विजेचा धक्का देऊन तो मोडी. दुसऱ्या गटाला तितकेच धक्के मिळत, फक्त रिपल सरून गेल्यावर. दोन्ही गटांची झोप सारखीच होती. तरी ज्यांचे रिपल मोडले ते उंदीर मागे पडले. नुसती झोप मिळाली म्हणून भागलं नाही, झोपेतले ते मोजके मिलिसेकंद हवेच होते. उलट दिशेनंही पुरावा मिळाला आहे: २०१९ मध्ये बुझाकींच्या प्रयोगशाळेत अंतोनियो फर्नांदेस-रुइझ आणि सहकाऱ्यांनी रिपल कृत्रिमरीत्या लांबवले, तर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली.

माणसांकडे वळू या. झोपेचा आठवणीला फायदा होतो हे १९२४ पासून कागदावर आहे. कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच झोपवून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करवल्या. झोपून उठल्यावर विसरणं कमी, जागं राहिल्यावर जास्त. पण त्यांचा खुलासा साधा होता: झोपेत नवीन काही कानांवर पडत नाही, म्हणून जुनं पुसलं जात नाही. झोप म्हणजे केवळ बंद दार, असा तो विचार पुढे बराच काळ टिकला.

दाराआड काम चालतं हे दाखवणारा माझ्या मते सर्वांत देखणा प्रयोग जर्मनीतल्या ल्यूबेकचा आहे. २००७ मध्ये ब्यॉर्न राश, यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी लोकांना पत्त्यांच्या जोड्या लावायचा खेळ दिला, आणि शिकताना खोलीत गुलाबाचा वास सोडला. रात्री गाढ झोपेत त्यांच्या नाकाशी तोच वास पुन्हा आणला. सकाळी त्यांना सुमारे ९७ टक्के जोड्या आठवल्या. वास न दिलेल्या रात्रीनंतर हा आकडा सुमारे ८६ होता. रेम झोपेत वास दिला तर उपयोग नाही. शिकताना वास नव्हता आणि झोपेत दिला, तरीही नाही. दोन वर्षांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केन पॅलर यांच्या गटानं हेच आवाजांनी करून दाखवलं. पडद्यावर पन्नास वस्तूंच्या जागा लक्षात ठेवायच्या, प्रत्येक वस्तूसोबत तिचा आवाज: मांजराचं म्याऊ, किटलीची शिटी. दुपारच्या डुलकीत त्यांतले पंचवीस आवाज हळू वाजवले. उठल्यावर लोकांनी नेमक्या त्याच वस्तू जास्त अचूक जागी ठेवल्या, आणि आवाज वाजले होते याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण यावर धंदा उभा राहतो. झोपेत परकी भाषा शिकवणाऱ्या ध्वनिफिती एके काळी खपत. आता त्यांची जागा ॲपनी घेतली आहे. १९५० च्या दशकात चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी मेंदूच्या लहरी मोजून पाहिलं, की माणूस खरोखर झोपलेला असताना ऐकवलेली माहिती सकाळी त्याला सांगता येत नाही. थोडं काही आठवलं ते अर्धवट जागं असताना ऐकलेलं. गुलाबाच्या वासानं नवीन काही शिकवलं नव्हतं; दिवसा शिकलेल्यातलं काय उचलायचं एवढंच सुचवलं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री न वाचलेलं पुस्तक उशाखाली ठेवणाऱ्यांची यातून सोय होत नाही.

इथवर पेढीची उपमा टिकली. तिला पहिला तडा गेला २००६ मध्ये. डेव्हिड फॉस्टर आणि मॅथ्यू विल्सन उंदरांना एका सरळ पट्टीवर धावायला लावत होते. पट्टीच्या टोकाला खाणं. उंदीर टोकाला पोचे, थांबे, खाई, मिशा साफ करी. यावेळच्या नोंदी तोवर बहुतेकांनी बाजूला टाकल्या होत्या, कारण उंदीर काहीच करत नव्हता. त्याच नोंदींत रिपल होते आणि रिपलच्या आत नुकताच धावलेला मार्ग होता. पण उलटा. टोकापासून सुरुवातीकडे.

उंदीर जागा होता हा एक धक्का आणि क्रम उलटा होता हा दुसरा. नुसती साठवण हवी असती तर उलटं वाचायचं कारण काय? एक खुलासा असा. खाणं मिळालं ते शेवटी; पण ते मिळवून देण्यात त्याआधीच्या प्रत्येक वळणाचा हात होता. बक्षिसापासून मागे मागे जात प्रत्येक पायरीला तिच्या वाट्याचं श्रेय द्यायचं तर हीच दिशा सोयीची. २०१६ मध्ये फॉस्टर यांच्याच गटाला दिसलं, की बक्षीस वाढवलं की उलट्या उजळण्या वाढतात आणि सुलट्या तशाच राहतात. त्याआधी २००७ मध्ये कामरान दीबा आणि बुझाकी यांनी दोन्ही दिशांची वेळ दाखवली होती: उलटी उजळणी धाव संपल्यावर जास्त, सुलटी धाव सुरू होण्याआधी.

धाव सुरू होण्याआधी! म्हणजे जे अजून घडायचं आहे त्याआधी. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ब्रॅड फायफर आणि फॉस्टर यांनी हा धागा हाती घेतला. दोन मीटर बाय दोन मीटरचं मोकळं मैदान, त्यात ३६ खळगे, आणि पातळ चॉकलेट. एका फेरीत चॉकलेट कुठल्या तरी अनपेक्षित खळग्यात, पुढच्या फेरीत ठरलेल्या ‘घरच्या’ खळग्यात, असं आलटून पालटून. घरचा खळगा रोज बदलायचा. त्यामुळे उंदराला घरी जायचं असे ते दर वेळी नव्या ठिकाणाहून, आणि भिंती नसल्यानं रस्ता ठरलेला नसे. एकाच वेळी दोनशेहून अधिक पेशी नोंदवून त्यांनी पाहिलं, की निघण्याआधी थांबलेल्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधून एक मार्ग सरकन जातो, बऱ्याचदा तो घरच्या खळग्यापाशी संपतो, आणि उंदीर नंतर धावतो तो साधारण त्याच मार्गानं. ती वाट त्यानं त्या सुरुवातीपासून त्या शेवटापर्यंत पूर्वी कधी तुडवलेली नसली तरीही. रोजमेळात नसलेला व्यवहार मुनीम लिहीत होता. तोही उद्याच्या तारखेचा.

याआधी २०१० मध्ये अनूपम गुप्ता, डेव्हिड रेडिश आणि सहकाऱ्यांनी अशाच आडवाटांची नोंद केली होती: उंदीर कधी न गेलेल्या जवळच्या मार्गाची जुळणी त्याच्या पेशी करत होत्या. उंदीर फाट्यावर थबकून इकडेतिकडे मान वळवतो हे १९३० च्या दशकातल्या मानसशास्त्रज्ञांनी पाहिलं होतं, आणि एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदराच्या डोक्यात नकाशा असतो असं लिहिलं तेव्हा अनेकांनी नाक मुरडलं होतं. उंदीर विचारात बुडून राहतो, मग खाण्यापर्यंत पोचतो कसा, असा टोमणा टोलमनना त्यांच्या काळात ऐकावा लागला. थांबण्याचा तो क्षण टोमण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी आहे हे समजायला अर्धं शतक गेलं.

जागेपणीच्या उजळणीचं काम किती नेमकं आहे हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रयोगातून कळतं. २०१२ मधल्या त्या लेखाचे पहिले लेखक शंतनू जाधव, प्रयोगशाळा लॉरेन फ्रँक यांची. इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकाराचा मार्ग, तीन हात. नियम असा: मधल्या हातातून बाहेर पडून एकदा डावीकडे, परत मध्ये, मग उजवीकडे, परत मध्ये. बाजूच्या हातातून मध्ये यायला काही आठवावं लागत नाही. कुठूनही आलात तरी मध्येच यायचं आहे. मधून बाहेर पडताना मात्र मागच्या वेळी कुठे गेलो होतो हे आठवून या वेळी कुठे जायचं ते ठरवावं लागतं. जागेपणीचे रिपल मोडले, तर उंदरांना मध्ये परतणं नीट जमलं. बाहेर पडतानाचा निर्णय मात्र बिघडला. स्थानपेशी जागच्या जागी होत्या आणि नंतरच्या विसाव्यातली उजळणीही शाबूत होती. गमावला होता तो मागचं आणि पुढचं यांना सांधणारा क्षण.

माणसाच्या जागेपणीच्या विसाव्यावरही आता बरंच काम झालं आहे. २०१९ मध्ये लंडनमध्ये युंझे लिउ, टिमोथी बेहरन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही चित्रं मुद्दाम उलटसुलट क्रमानं दाखवली. खरा क्रम कसा लावायचा याचा नियम आदल्या दिवशी शिकवला होता. मग लोकांना पाच मिनिटं नुसतं बसू दिलं आणि मेंदूतलं चुंबकीय क्षेत्र मोजलं. विसाव्यात चित्रं एकामागून एक, सुमारे पन्नास मिलिसेकंदांच्या अंतरानं येऊन गेली. ती दाखवलेल्या क्रमानं आली नाहीत. नियमानुसार यायला हवी होती त्या क्रमानं आली. बक्षीस जोडल्यावर दिशा उलटी झाली, अगदी फॉस्टरच्या उंदरांसारखी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्दो कोहेन यांच्या गटानं लोकांना डाव्या हातानं ४-१-३-२-४ हा क्रम दहा सेकंद टंकायला लावला, मग दहा सेकंद विसावा, असं पुन्हा पुन्हा. सुरुवातीची सुधारणा बहुतेक विसाव्याच्या दहा सेकंदांत झाली आणि त्यात या क्रमाची सुमारे वीसपट वेगवान उजळणी दिसली. ही सुधारणा शिकण्याची की बोटांचा थकवा उतरल्याची, यावर मात्र जोरात वाद आहे.

रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा प्रयोग कुठल्याही महागड्या यंत्राविना झाला. एडिंबरामध्ये मिकेला ड्युअर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वयस्कर मंडळींना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत शांत बसायचं, दुसरीनंतर दहा मिनिटं संगणकावर दोन चित्रांतले फरक शोधायचे. सात दिवसांनी विचारलं तेव्हाही शांत बसण्याआधीची गोष्ट लोकांना जास्त तपशिलानं सांगता आली. फरक शोधण्याच्या खेळाचा गोष्टीशी काही संबंध नव्हता. त्यानं केवळ दहा मिनिटं भरून काढली होती.

आता पुन्हा उंदरांकडे, कारण योजनेचा मुद्दा वाटतो तितका निकालात निघालेला नाही. २०१७ मध्ये दाओयुन जी यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना मार्गाच्या एका टोकाला सौम्य विजेचा धक्का बसला. पुढे ते त्या टोकाकडे जाईनात; अलीकडेच थांबत आणि माघारी वळत. थांबले की त्यांच्या पेशी मात्र धक्क्याच्या जागेपर्यंतचा मार्ग आळवत. म्हणजे उजळणीत दिसलेला मार्ग हा जाण्याचा बेत असेलच असं नाही, न जाण्याचं कारणही असू शकतो. २०२१ मध्ये फ्रँक यांच्याच प्रयोगशाळेतून ॲना गिलेस्पी आणि सहकाऱ्यांनी आणखी थंड पाणी ओतलं: त्यांच्या प्रयोगात उजळणीचा मजकूर पुढच्या निवडीशी जुळेना, जुनी बक्षिसाची ठिकाणं आणि अलीकडे न गेलेल्या जागा त्यात जास्त होत्या. ही उजळणी आठवण जपण्यासाठीच आहे, बेत आखण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला या वादात मार्सेलो माटार आणि नथॅनिएल डॉ यांनी २०१८ मध्ये मांडलेलं गणित पटतं. आठवण की योजना, असा पर्यायच ते ठेवत नाहीत. कुठली पायरी आत्ता आळवली तर पुढे कधीही होणारा निर्णय सर्वांत जास्त सुधारेल, एवढा एकच हिशेब त्यांनी संगणकातल्या काल्पनिक उंदराला दिला. त्या उंदरात बक्षिसानंतर उलटी उजळणी आणि निघण्याआधी सुलटी उजळणी आपोआप दिसू लागली. तसं कर असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लोकांना ही युक्ती आधीच सापडली होती. लाँग-जी लिन यांनी १९९२ मध्ये यंत्राला जुने अनुभव पुन्हा पुन्हा चाळायला लावले, आणि २०१५ मध्ये डीपमाइंड या कंपनीच्या ज्या संगणक-प्रोग्रॅमनं अटारीचे ४९ खेळ शिकून दाखवले त्याच्या पोटात हीच उजळणी होती. डीपमाइंडच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे समुद्रकिनाऱ्याची कल्पना करायला सांगणारे तेच डेमिस हसाबिस.

दिवसभरात हजारो गोष्टी घडतात. रात्रीची उजळणी त्यांतल्या थोड्यांचीच होते. ती निवड होते केव्हा? २०२४ मध्ये वाननान यांग, बुझाकी आणि सहकाऱ्यांनी याचं एक उत्तर दिलं. चक्रव्यूहात फेऱ्या मारणारे छोटे उंदीर बक्षिसापाशी थांबत. काही फेऱ्यांनंतरच्या थांब्यात त्यांच्या मेंदूत रिपलची गर्दी होई, काही फेऱ्यांनंतर ते फारसे उठत नसत. पुढच्या झोपेत आळवल्या गेल्या त्या प्रामुख्यानं पहिल्या प्रकारच्या फेऱ्या. रात्री काय उजळायचं याची खूण दिवसा, उंदीर खाऊन थांबलेला असतानाच, करून ठेवली जात होती.